चार आणे

तीन नंबर युनिटच्या पट्ट्यावर एकवीस वर्षं
मी कोळसा पुढे सरकताना पाहिला.
एकलहऱ्याचा पट्टा.
कधी ओला कोळसा, कधी निव्वळ दगड,
एकदा खाणीतल्या कुणाची तरी चप्पल, डाव्या पायाची.
ती काढून ठेवली. अजून आहे लॉकरमध्ये.
कशाला, ते विचारू नका.

राखेचा हिशेब आम्हाला द्यावा लागतो.
किती टन निघाली, किती विटांना गेली,
किती पाणी घालून तळ्यात सोडली.
धुराचं मात्र आमच्या वहीत खातंच नाही.
आमचे पिंगळे फोरमन म्हणायचे,
वर गेलेल्याबद्दल काही बोलू नये.

शिफ्ट सुटली की नाशिकरोडला, हकीमभाईंकडे, सोडा.
हिरवी काच, गळ्यात अडकलेली गोटी.
एप्रिलात ते पाणी आधी बर्फात ठेवतात.
गार पाणी गॅस धरतं, म्हणतात,
तापलं की सोडून देतं, जावयासारखं.
आणि जिभेला जो आंबट चिमटा बसतो
तो लिंबाचा नव्हे. गॅसचाच.
एवढं मला ठाऊक होतं. एवढंच.

मग करुणा अकरावीत गेली, सायन्सला.
रामकुंडाजवळच्या दुकानातून
वीस रुपयांना फुटका शंख घेऊन आली.
दुकानदार म्हणाला, पोरी, फुटका पूजेला चालत नाही.
ही म्हणाली, मला बुडवायचाय.

स्टीलचं पातेलं. रोज ताजा सोडा, माझ्या खात्यावर.
शंखाच्या अंगावर बुडबुडे, बारीक,
तापात घाम फुटावा तसे.
आठ दिवसांनी सराफ बाजारात
मैत्रिणीच्या काकांच्या काट्यावर तोलला.
दीड ग्रॅम गेला होता.
काका म्हणाले, सोन्यात एवढी घट आली असती
तर मी दुकान बंद केलं असतं.

बाबा, ती म्हणाली,
आपण जाळतो त्यातले रुपयाला चार आणे
समुद्र पितो. न मागता.
म्हणून इथली हवा अजून एवढीच तापलीय.
आणि पिऊन पिऊन तो आंबट होत चाललाय.
तिथे ज्यांना घर अंगावरच बांधायचं असतं
त्यांना चुना पुरत नाही.

मी म्हणालो, समुद्र कुठे, नाशिक कुठे.
ती काही बोलली नाही.
बोट फक्त खिडकीकडे केलं.
खिडकीत पांडवलेण्यांचा डोंगर, काळा.

नंतर रात्रपाळीत ते बोट आठवत राहिलं.
तिनेच कधीतरी वाचून दाखवलं होतं.
पाऊस हवेतला आंबटपणा घेऊन या दगडावर पडतो,
दगड थोडा झिजतो,
झिजलेलं गोदावरी घेऊन जाते,
घाटाखालचा जवळचा समुद्र सोडून
पाठ फिरवून, पूर्वेला, राजमहेंद्रीच्याही पुढे,
आणि तिकडे कुणी किडामुंगीएवढा जीव
त्याचं कवच करतो.
आमच्या डोंगराचं कवच.
दगडाला घाई नाही, नदीला घाई नाही,
एका शिंपल्याला किती हजार पावसाळे लागत असतील
कोण जाणे.
पट्टा सेकंदाला अडीच मीटर पळतो.
मी स्वतः मोजलाय.

रागावलो नाही मी. कुणावर रागवायचं?
त्या रात्री परिसरात लाईट गेली असती
तर पहिला फोन मीच केला असता.
बिटकोच्या वॉर्डात माझी आई मशीनवर होती तेव्हा
मी त्याच धुराकडे बघून म्हणालो होतो,
थांबू नकोस.

पातेलं अजून ओट्यावर आहे.
शंख एका बाजूला इतका पातळ झालाय
की ट्यूबलाईटसमोर धरला तर बोटाची सावली दिसते.
कानाला लावून पाहिला.
समुद्र ऐकू येतो म्हणतात.
मला फ्रिजचा आवाज आला.

काल हकीमभाईंनी गोटी दाबली. फस्स.
संपूर्ण बाटली प्यालो, तहान होती.
खिशात सुट्टे नव्हते,
जुनी चारआणीच हाताला लागली, गंजलेली, कधीची.
ही आता कुणी घेत नाही, ते म्हणाले.
मग? लिहून ठेवू?

लिहा, म्हटलं.
आणि मागचंही लिहा.
मागचं किती, त्यांनी विचारलं.
मी चिमणीच्या दिशेने पाहत राहिलो.
दुकानाच्या छपरामुळे ती दिसत नव्हती.